जलशिक्षणाचा खर्च कोणी सोसावा?

(टोकावडे, ता. मुरबाड, जि. ठाणे येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दरूप आहे. – संपादक)



आजच्या वर्गासाठी मला दिलेला विषय वरवर पाहता लहान वाटतो. घराभोवतीच्या जागेत, म्हणजे अंगणात, परसात आणि परसबागेत पाणी कसे वाचवावे, याचे शिक्षण लोकांना द्यावयाचे असेल तर त्यासाठी पैसा कोठून उभा करावा, असा तो विषय आहे. येथे बसलेल्या भगिनींपैकी कोणी मनात म्हणत असेल की, जेथे चैत्र-वैशाखात प्यायला हंडाभर पाणी मिळत नाही, तेथे बागेच्या पाण्याची चर्चा कशाला? ही शंका रास्त आहे. तिला बगल देऊन मला पुढे जाता येणार नाही. माझे म्हणणे असे की, पाण्याच्या बाबतीत आपल्या समाजात जी विषमता आहे ती घराच्या अंगणात जितकी स्पष्ट दिसते तितकी इतरत्र क्वचितच दिसते. आणि या विषमतेचा हिशेब करायला शिकविणारे शिक्षण फुकटात होणार नाही. त्याचा खर्च कोणी सोसावा हा म्हणूनच राजकीय प्रश्न आहे.

पाऊस उदंड, पाणी परक्याचे

प्रथम आपला मुलूख पाहू. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. माळशेज घाटाकडून येणारा पाऊस येथे चार महिने कोसळतो. वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर, घाटाच्या जवळ त्याहूनही अधिक. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर त्याला हेवा वाटेल. परंतु येथला खडक काळा, कठीण बेसाल्ट आहे. उतार तीव्र, मातीचा थर पातळ. पाणी मुरायला वाव नाही आणि थांबायला जागा नाही. पावसाळ्यात ओसंडणारी विहीर होळीच्या सुमारास तळ दाखवू लागते. निसर्गाची ही अडचण खरी आहे, पण सगळा दोष निसर्गाच्या माथी मारणे हा लबाडपणा होईल.

कारण हेच पाणी अडविण्याची विद्या आपल्या राज्यकर्त्यांना शंभर वर्षांहून अधिक काळ अवगत आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ मध्ये झाला. १९८० च्या दशकापासून भातसेचे पाणी मुंबईला जाऊ लागले आणि आज मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसेचा आहे. मध्य वैतरणा २०१४ मध्ये त्यात भर घालून गेली. इकडे मुरबाडच्या बाजूला बारवी धरण आहे. औद्योगिक विकास महामंडळाने त्याची उंची वाढविली, गावे हलविली, आणि २०१९ पासून त्यात वाढीव साठा होऊ लागला. ते पाणी कारखान्यांना आणि कल्याणपासून मीरा-भाईंदरपर्यंतच्या शहरांना जाते. शहापूर तालुक्यातून जाड्या नळांच्या रांगा मुंबईकडे धावतात, आणि त्यांच्या आसपासच्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे मांडलेले असतात. हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आणि एवढ्यावर भागत नाही. आपल्या याच काळू नदीवर शहरांसाठी आणखी एक धरण बांधण्याचा घाट घातला गेला. वनखात्याची परवानगी नसताना २०११ मध्ये काम सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयाचे दार ठोठावले आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम थांबविले. तो लढा येथल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी बांधवांनी आणि शेतकऱ्यांनी लढविला. पण धरणाचा प्रस्ताव मेला असे समजू नका. शहराची तहान जोवर बेहिशेबी आहे तोवर प्रत्येक खोऱ्याच्या डोक्यावर अशी टांगती तलवार राहणारच. म्हणूनच पाणी कसे वापरले जाते हा प्रश्न आपण केवळ शहराच्या मर्जीवर सोडून देऊ शकत नाही. शहरात आणि शहरी माणसाच्या बागेत वाया जाणारे पाणी हे पुढच्या बुडित क्षेत्राचे समर्थन म्हणून वापरले जाते.

अंगणातले तीन हिशेब

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी आपणांपुढे तीन साधे हिशेब मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही ते पडताळता येतील.

पहिला हिशेब छपराचा. समजा, एका घराचे कौलारू छप्पर ४० चौरस मीटर आहे. त्यावर वर्षाला २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे त्या छपरावर एक लाख लिटर पाणी पडते. पन्हळीतले नुकसान आणि पहिल्या सरींचे धुवण सोडून दिले, तरी ८० हजार लिटर उरते. हे सगळे साठविणे गरिबाला परवडणार नाही, कारण टाकीला पैसा लागतो. पण पन्हळ लावून त्यातले थोडे पिण्याकरिता आणि बाकीचे विहिरीजवळच्या चरात वा खड्ड्यात सोडता येते. ते पाणी घराला पाया खणण्याइतक्या श्रमात जमिनीत मुरविता येते. आज ते अंगणातली माती घेऊन ओढ्याला जाते.

दुसरा हिशेब सांडपाण्याचा. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश पाणी आंघोळ, धुणी-भांडी करून बाहेर पडते, म्हणजे दिवसाला दोनशे लिटर. नळ आला आणि गटार आले नाही, तर हे दोनशे लिटर घरापुढे डबके करते, त्यात डास होतात आणि आजारांना आमंत्रण मिळते. तेच पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून परसात फिरविले, तर त्यावर पाच-सहा केळी, एक पपई, एक शेवगा आणि कडेने अळू पोसले जाते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारे आणि डास दोन्ही हटविले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्या आज्या मोरीचे पाणी केळीच्या आळ्यात सोडत असत. त्यांना हे कोणी योजनेतून शिकविले नव्हते. परंतु आज त्या पाण्यात धुण्याची पावडर आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर ते घालू नये, ते मातीच्या वर साचू देऊ नये, आळ्यात पाचोळा भरून त्याखाली सोडावे, आणि काही महिन्यांनी खड्ड्यातली वाळू धुवावी. जुने शहाणपण आणि नवे ज्ञान यांची ही सांगड कोणीतरी दारात उभे राहून घालून द्यावी लागते.

तिसरा हिशेब हिरवळीचा. गेल्या काही वर्षांत कल्याण–नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, तशीच शहापूरच्या बाजूला, शहरवासीयांची शेतघरे आणि विश्रामगृहे उभी राहिली आहेत. तेथे परदेशी गवताची हिरवळ असते. उन्हाळ्यात हिरवळीला दररोज निदान पाच मिलिमीटर पाणी लागते. वैशाखातल्या उन्हात त्याहून जास्त. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. त्याला दिवसाला पाचशे लिटर. दहा गुंठ्यांची हिरवळ असेल तर पाच हजार लिटर. आता ५५ लिटरांच्या सरकारी मापाने याला भागा. नव्वद माणसांचे पाणी झाले. शनिवार-रविवारी येणाऱ्या एका कुटुंबाच्या डोळ्यांना गारवा मिळावा म्हणून एका अख्ख्या कातकरी वाडीचे पाणी आठवड्याचे सातही दिवस विंधनविहिरीतून उपसले जाते. जमिनीवर मालकी सातबाऱ्याची असली तरी खडकाच्या भेगांतले पाणी सातबारा पाहून थांबत नाही. शेतघरातल्या खोल विंधनविहिरीचा पंप चालू झाला की वाडीच्या उथळ विहिरीतले झरे आटतात.

हे तीन हिशेब एकत्र मांडले की आरंभीच्या शंकेचे उत्तर मिळते. गरिबाच्या अंगणातले शिक्षण म्हणजे मिळालेल्या पाण्याचा दुसऱ्यांदा उपयोग कसा करावा आणि पडणारा पाऊस कसा मुरवावा. श्रीमंताच्या अंगणातले शिक्षण म्हणजे आपण कोणाचे पाणी वापरतो आहोत याची जाणीव, आणि त्या जाणिवेमागे कायद्याचा बडगा. दोघांना एकच भित्तिपत्रक वाटून ‘पाणी वाचवा’ असा उपदेश करणे ही थट्टा आहे. डोक्यावरून दोन हंडे आणणाऱ्या बाईला पाण्याची किंमत शिकविण्याची गरज नाही. ती प्रत्येक थेंबाचे वजन मानेवर तोलत असते.

आजवर हे शिक्षण कोणाच्या खर्चाने झाले?

सरकारी योजनांत जनजागृतीसाठी तरतूद नसते असे नाही. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत एकूण निधीच्या पाच टक्क्यांपर्यंतची रक्कम सहाय्यक कामांसाठी, म्हणजे लोकसहभाग, प्रशिक्षण आणि प्रबोधन यांसाठी राखून ठेवलेली आहे. प्रत्येक गावातल्या पाच स्त्रियांना पाणीतपासणी शिकवावी अशी सूचनाही त्यात आहे आणि ती चांगली आहे, कारण त्यामुळे ज्ञान प्रथमच बाईच्या हातात दिले जाते. राज्य शासनाने ‘यशदा’मध्ये जलसाक्षरता केंद्र काढले, जलदूत, जलसेवक अशी स्वयंसेवकांची उतरंड कल्पिली. कागदावर हे सारे उत्तम आहे.

प्रत्यक्षात काय होते? प्रबोधनाचा पैसा नळाच्या पैशामागून येतो आणि बहुधा मार्चअखेर येतो. मग तो भिंतीवरच्या रंगात, फलकांत, एका दिवसाच्या मेळाव्यात आणि जेवणावळीत खर्ची पडतो. भिंत रंगविल्याची पावती जोडता येते; एका बाईने वर्षभर चाळीस घरांत जाऊन शोषखड्डे नीट करून घेतले याची पावती कोणत्या नमुन्यात जोडायची? जे मोजणे सोपे ते खर्चले जाते आणि जे खरे शिक्षण ते स्वयंसेवकांवर सोपविले जाते.

स्वयंसेवक या शब्दावर क्षणभर थांबावे असे मला वाटते. राष्ट्रसेवेच्या परंपरेत वाढलेल्या आपणांसारख्यांना या शब्दाविषयी आदर आहे आणि असावा. पण ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्याचा त्याग आणि ज्याची मजुरी बुडते त्याचा त्याग यांत फरक आहे. कातकरी तरुणी सकाळी वीटभट्टीवर किंवा रोपणीला गेली तरच तिच्या घरात संध्याकाळी भात शिजतो. तिला ‘तू जलसेविका हो’ असे सांगून कोरडे प्रमाणपत्र द्यायचे, म्हणजे राज्याने स्वतःचा खर्च तिच्या मजुरीतून वसूल करायचा. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका ‘मानधन’ या गोंडस शब्दाविरुद्ध वर्षानुवर्षे झगडत आल्या आहेत. तीच चूक पाण्याच्या क्षेत्रात पुन्हा करू नये. शिक्षण हे काम आहे आणि कामाला वेतन असते. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा एवढाच आहे.

खर्च कोणाचा? एक जुना दाखला

आता पैशाकडे वळू. ‘शहरांनी खेड्यांसाठी पैसा का द्यावा?’ असे विचारणाऱ्यांना महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास दाखवावा. १९७२ च्या दुष्काळाने हा प्रांत होरपळला. त्यातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना आकाराला आली. तिला पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न होताच. तेव्हा १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जाऊ लागले, राज्याने त्यात आपला वाटा घातला, आणि त्या पैशावर खेड्यातल्या भूमिहीनाला पाझर तलावाच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामावर मजुरी मिळाली. पुढे १९७७ च्या कायद्याने ती हमी पक्की केली. शहराने खेड्याला भीक घातली असे तेव्हा कोणी म्हटले नाही. ग्रामीण श्रमावर आणि ग्रामीण धान्यावर उभे असलेले शहर आपल्या ऋणाचा एक अंश फेडते आहे, अशी ती भूमिका होती. त्या कराविषयी कुरबूर झाली, पण तो टिकला.

परदेशातलाही एक दाखला सांगतो, आणि तो भांडवलशाहीच्या राजधानीतला आहे. न्यूयॉर्क शहराचे बहुतेक पाणी दूरच्या कॅटस्किल डोंगररांगांतून येते. ते स्वच्छ राहावे म्हणून एक तर अब्जावधी डॉलरचे शुद्धीकरण केंद्र बांधायला हवे होते, नाही तर वरच्या खोऱ्यातल्या माणसांशी बोलायला हवे होते. १९९७ मध्ये शहराने त्या खोऱ्याशी लेखी करार केला. तेथल्या शेतीसुधारणेला, सांडपाण्याच्या व्यवस्थेला, आणि लक्षात घ्या, तेथल्या शाळांमधून व समाजातून होणाऱ्या पाण्याच्या शिक्षणालाही शहराने पैसा दिला. उपकाराची भाषा तेथेही नव्हती. शहराच्या दृष्टीने तो निव्वळ किफायतीचा व्यवहार होता. जे न्यूयॉर्कच्या सावकारांना समजले ते मुंबईच्या महापालिकेला समजू नये?

मुंबईला दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. म्हणजे हजार लिटरांची एक कोठी धरली, तर ३८ लाख ५० हजार कोठ्या. प्रत्येक कोठीवर एक पैसा, फक्त एक पैसा, आकारला तर दिवसाला ३८,५०० रुपये होतात आणि वर्षाला एक कोटी ४० लाख. गळती आणि बेहिशेबी पाणी म्हणून तिसरा हिस्सा सोडून द्या. तरी ९० लाख हाती येतात. आता खर्चाची बाजू पाहा. एका जलशिक्षिकेला दरमहा १५ हजार रुपये वेतन दिले तर वर्षाचे एक लाख ८० हजार झाले. प्रवास, साहित्य, नमुन्याचे खड्डे, पन्हळी यांसाठी आणखी ४५ हजार. एकूण सव्वादोन लाख. म्हणजे हजार लिटरामागे एका पैशात चाळीस शिक्षिका पोसल्या जातात. पाच पैशांत दोनशे. मुंबईतल्या घरगुती ग्राहकाला आज हजार लिटर पाणी दहा रुपयांहून कमी दरात मिळते. त्यात पाच पैशांनी कोणाचे घर बुडेल?

तरीही हा भार सरसकट टाकू नये, असे माझे मत आहे. मुंबईच्या झोपडपट्टीतला माणूसही आपलाच आहे. नळ नसेल तर तो टँकरवाल्याकडून कितीतरी पट दराने पाणी घेतो. त्याला या अधिभारातून पूर्णपणे वगळावे. दरडोई १५० लिटरांहून अधिक वापरणाऱ्या घरांवर, पोहण्याच्या तलावांवर, हॉटेलांवर आणि बागबगीचे पोसणाऱ्या मोठ्या संकुलांवर तो चढत्या दराने बसवावा. बारवीचे पाणी घेणाऱ्या कारखान्यांना आणि महापालिकांनाही तोच न्याय लावावा. जितका उपसा अधिक तितका वाटा अधिक, हे समाजवादी करनीतीचे पहिले सूत्र आहे आणि पाण्याला ते तंतोतंत लागू पडते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच मित्रांचा आहे. ‘शिक्षणाचे गाजर दाखवून सरकार नळ देण्याची जबाबदारी टाळील.’ हा धोका खरा आहे. म्हणून आपली भूमिका निःसंदिग्ध असावी. जलशिक्षण नळाच्या ऐवजी नाही. ते नळाबरोबर, आणि नळाच्या हक्कासाठी आहे. ज्या वाडीला पाणी मिळालेले नाही तेथे जलशिक्षिकेचे पहिले काम परसबाग शिकविणे हे नसून किती घरांना किती पाणी मिळते, टँकर कोणत्या दिवशी आला आणि कोणत्या दिवशी आला नाही, याची नोंदवही लिहिणे हे असेल. ती वही ग्रामसभेत वाचली जाईल. ज्याला आपल्या वाट्याचे माप कळले त्याला गप्प बसविणे कठीण असते.

दुसरा आक्षेप, ‘पैसा येईल आणि संस्था-कंत्राटदार खातील.’ तेही खरे आहे. त्यावर उपाय असा की पैसा कंत्राटाने देऊ नये. शिक्षिकेची निवड ग्रामसभेने करावी, तिचे वेतन थेट तिच्या खात्यात जावे, आणि तिच्या कामाचा जमाखर्च वर्षातून दोनदा चावडीवर वाचून दाखवावा. फलक रंगविण्यावर आणि मेळाव्यांवर निधीचा दहावा हिस्सादेखील खर्च होऊ नये. किती भिंती रंगल्या याऐवजी पन्हळी किती घरांना लागल्या, किती खड्डे दुसऱ्या पावसाळ्यानंतरही चालू आहेत, आणि विहिरीत मार्च महिन्यात किती हात पाणी आहे, हे मोजावे.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात असतो. ‘कातकऱ्याच्या पोरीने आम्हाला शिकवायचे?’ याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिलेले आहे. जोतिबा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांच्याही घराच्या अंगणातले ते पाणी होते. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आपल्याकडे पाण्याचे शिक्षण नेहमीच समतेचे शिक्षण ठरले आहे. ज्यांनी आजवर पाणी वाहिले त्यांनीच ते शिकवावे, हे त्या परंपरेला धरूनच होईल.

तोवर हात बांधून बसावे काय?

मुंबईवरचा अधिभार उद्या सकाळी लागू होणार नाही. त्यासाठी विधिमंडळात आणि महापालिकेत झगडावे लागेल. पण आपल्या हाताशी जे आहे ते आपण वापरतो का? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांत ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. तो आपापल्या गावात कशावर खर्च झाला, हे किती कार्यकर्त्यांनी तपासले? शहापूर तालुका पूर्णतः आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथल्या पेसा ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट मिळण्याची तरतूद आहे आणि त्यात आरोग्य, स्वच्छता व शिक्षण यांचा अंतर्भाव होतो. त्याचा आराखडा ग्रामसभेने करावयाचा असतो. ग्रामसेवकाने तयार करून आणलेल्या कागदावर अंगठे उठविण्यासाठी ग्रामसभा नसते.

शेतघरांचा प्रश्नही आपल्या हाताबाहेरचा नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टी बसविण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीला दिलेला आहे. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर खोदण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी घातली होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या २००९ च्या भूजल कायद्यातही पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे संरक्षण व खोल विहिरींवर नियंत्रण यांची तरतूद आहे. कायदे आहेत, त्यांचा आधार घेऊन अर्ज करणारे हात कमी आहेत. शेतघराच्या मालकाशी भांडण करण्याआधी त्याला समजही द्यावी. गवताच्या जागी करवंद, जांभूळ, आपटा, बहावा यांसारखी येथलीच झाडे लावली की पहिली दोन-तीन वर्षे सोडल्यास त्यांना पाणी घालावे लागत नाही. आळ्यांत पाचोळ्याचे आच्छादन घालावे, रोपाशेजारी मातीचा घडा पुरून त्यात पाणी भरावे, मोठ्या बागेला ठिबक बसवावे, आणि पाणी उन्हे चढण्यापूर्वी द्यावे. ज्याला हे पटेल त्याचे स्वागत. ज्याला पटणार नाही त्याच्या हिरवळीवर पंचायतीने विशेष पाणीपट्टी बसवावी आणि तो पैसा जलशिक्षणाच्या खात्यात जमा करावा.

या दृष्टीने मी आपणांपुढे चार कामे ठेवतो. पहिले, येत्या ग्रामसभेत प्रत्येक पंचायतीने ‘जलशिक्षण निधी’ या नावाचे स्वतंत्र खाते उघडण्याचा ठराव करावा. दुसरे, सार्वजनिक विहिरींच्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजून ती शाळेच्या फळ्यावर लिहावी. हे काम आठवी-नववीची मुले आनंदाने करतील आणि त्याला दोरी व दगड यांखेरीज खर्च नाही. तिसरे, परिसरातल्या हिरवळींची आणि विंधनविहिरींची यादी करावी व तीन क्रमांकाचा हिशेब प्रत्येकीपुढे मांडावा. चौथे, मुंबईतल्या आपल्या सहकाऱ्यांनी महापालिकेपुढे हजार लिटरामागे पाच पैशांची मागणी सातत्याने ठेवावी, आणि तिथल्या सभांत शहापूर-मुरबाडच्या भगिनींना बोलण्यासाठी बोलवावे. शहरातला माणूस वाईट नसतो. नळ सोडला की पाणी येते, यापलीकडे त्याला काही दिसू दिलेले नसते.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्यापुढे फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तीन प्रतीके ठेवली होती. आपल्या चळवळीत तुरुंगाची तयारी नेहमीच होती आणि मतपेटीची धावपळ आजही आहे. फावडे मात्र कोपऱ्यात गंजत पडले. परसातला शोषखड्डा खणणारे फावडे आणि अन्याय्य धरणाला अडविणारा सत्याग्रह ही दोन वेगळी कामे नाहीत. ज्या वाडीने आपले पाणी मापले, मुरविले आणि राखले, ती वाडी उद्या शहराला विचारू शकते की, आम्ही आमचा हिशेब दिला, तुमचा कोठे आहे? हा प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार मिळविणे, हे जलशिक्षणाचे प्रयोजन आहे. आणि त्या शिक्षणाचे वेतन पाणी नेणाऱ्याने द्यावे, ही मागणी आपण लाजत-लाजत न करता ताठ मानेने करावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.